दुकानदार म्हणतो ‘ब्रीडिंग पेअर’ आहे, पण पिशवीतले ते दोन मासे खरंच जोडी असतात का?

जुलैचा दुसरा आठवडा होता. इगतपुरीत लागतो तसा पाऊस लागला होता, म्हणजे समोरचं घर दिसू नये असा. मावसभावाचा, म्हणजे दादाचा फोन आला. आवाज पडलेला.

‘अगं, परत पांढरी पडली.’

विषय माशांच्या अंड्यांचा होता. दादाने एका दुकानातून पिंक कन्व्हिक्ट सिक्लिडची जोडी आणली होती. पिशवीवर मार्करने ‘ब्रीडिंग पेअर’ लिहिलेलं, आणि त्या दोन शब्दांचे वेगळे पैसे मोजलेले. मासे एकत्र फिरायचे, मातीच्या कुंडीत अंडी घालायचे, पंखांनी वारा घालायचे. दोन दिवसांनी सगळी अंडी पांढरी पडून त्यावर कापसासारखी बुरशी. असं तीनदा झालं. दादाने पाणी बदललं, औषध टाकलं, हीटर बदलला. चौथ्या वेळी आम्ही दोघांनी बसून मासे उलटे करून बघितले, तेव्हा कळलं की टाकीत नवरा-बायको नव्हतेच. दोन्ही माद्या होत्या.

हे फक्त दादाच्याच बाबतीत झालेलं नाही. मध्य अमेरिकेतले सिक्लिड पाळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची सुरुवात अशीच होते. त्यामुळे ही जोडी म्हणजे नेमकं काय, ती ओळखायची कशी आणि आपल्याकडच्या पाण्यात-हवेत सांभाळायची कशी, हे नीट समजून घेऊ.

सिक्लिड म्हणजे कोण?

नाव परकं वाटेल, पण तुम्ही उजनीची चिलापी खाल्ली असेल तर सिक्लिड तुमच्या ताटात येऊन गेलाय. चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणली गेली आणि आता इथल्या धरणांमध्ये घरच्यासारखी राहते. गोव्यातलं कालुंदरही सिक्लिडच, आणि ते मात्र अस्सल आपलं. भारताचे स्वतःचे सिक्लिड मोजून तीन, बाकीचे सगळे पाहुणे. जगात या कुळातल्या १६०० हून जास्त जातींची नोंद आहे, आणि बहुतेक आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि मध्य अमेरिकेत आहेत.

या कुळाची खासियत म्हणजे पिल्लांची काळजी. बहुतेक मासे अंडी टाकतात आणि निघून जातात. सिक्लिड निघून जात नाहीत. पण कोण थांबतं आणि किती थांबतं, हे खंडानुसार बदलतं, आणि टाकी लावताना हाच फरक कामाचा आहे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे रंगीत सिक्लिड घेतले तर तिथे मादी अंडी तोंडात धरते आणि नराचा संबंध तेवढ्यापुरताच असतो. म्हणून तिथे एक नर आणि चार-पाच माद्या ठेवतात. मध्य अमेरिकेतले, म्हणजे मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या नद्या-तळ्यांमधले सिक्लिड मात्र बहुतेक जोडीने संसार करतात. अंडी दगडावर किंवा कपारीत, आणि राखण दोघांची. इथे एक नर चार माद्या ठेवल्या तर एक जोडी जमते आणि उरलेल्या तिघींना टाकीच्या कोपऱ्यात चिकटून दिवस काढावे लागतात.

आपल्याकडच्या दुकानांत यातले चार-पाच चेहरे कायम दिसतात. कन्व्हिक्ट सगळ्यात सोपा. अंगावर आठ-नऊ काळे उभे पट्टे, कैद्यांच्या जुन्या पट्टेरी कपड्यांवरून नाव पडलं. शास्त्रीय नाव अमाटिटलानिया नायग्रोफॅसिआटा, त्यातला पहिला शब्द ग्वाटेमालातल्या अमाटिटलान तळ्यावरून आलाय. काही दुकानांत यालाच ‘झेब्रा’ म्हणून विकतात. पिंक कन्व्हिक्ट म्हणजे हाच मासा, फक्त काळा रंग गायब. मग गळ्याला लाल असलेला फायरमाऊथ. अंगावर निळे ठिपके असलेला जॅक डेम्प्सी, ज्याला १९१९ ते १९२६ या काळात हेवीवेट जगज्जेता असलेल्या बॉक्सरचं नाव दिलंय, आणि टाकीत सोडला की ते का दिलं हे कळतं. शिवाय निकाराग्वाच्या तळ्यांतले रेड डेव्हिल आणि मायडास, आणि मॅनाग्वा तळ्याचं नाव मिरवणारा जॅग्वार. हे शेवटचे तिघं खूप मोठे होतात. दुकानात बोटाएवढे दिसतात म्हणून फसू नका.

ऑस्कर, एंजल, डिस्कस हे दक्षिण अमेरिकेचे. त्यांचं पाणी वेगळं, स्वभाव वेगळा.

आणि दोन मासे असे आहेत की ज्यांना कुठल्याच नदीत गाव नाही. फ्लॉवरहॉर्न आणि लाल पॅरट. दोन्ही माणसाने संकर करून बनवलेले, दोन्हींच्या रक्तात मध्य अमेरिकेचे सिक्लिड. पॅरटची जोडी जमते, अंडीही घालते, पण पॅरट नर बहुतेक वेळा वांझ असतात. त्यामुळे वर्षानुवर्षं अंडी पांढरी पडत राहतात आणि माणूस पाण्याला दोष देत राहतो. फ्लॉवरहॉर्नच्याही बऱ्याच नरांची तीच गत. तुमच्या टाकीत लाल पॅरटची ‘जोडी’ असेल आणि पिल्लं येत नसतील, तर औषधांवरचा खर्च आजपासून थांबवायला हरकत नाही.

नर कोण, मादी कोण?

कन्व्हिक्टमध्ये उत्तर सोपं आहे, फक्त आपल्या अपेक्षेच्या उलटं. पक्ष्यांमध्ये, माशांमध्ये नटलेला तो नर अशी आपली समजूत असते. इथे मादी नटते. तिच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना नारिंगी-सोनेरी खवले येतात. नर राखाडी-काळा, पण आकाराने मोठा, वरचा आणि खालचा पर मागे लांब आणि टोकदार होत गेलेला, वय झालं की कपाळाला थोडा उंचवटा.

मग आमची फसगत कुठे झाली? पिंक कन्व्हिक्टमध्ये. अंगच फिकट गुलाबी, त्यावर नारिंगी ठिपका पटकन उठून दिसत नाही. दोन्ही मासे एकाच घाण्यातले नव्हते, एक वयाने मोठी होती. दुकानदाराने मोठा तो नर आणि छोटी ती मादी असा हिशोब लावला आणि आम्ही मान डोलावली.

जॅक डेम्प्सीमध्ये मादीच्या गालफडाच्या खालच्या भागावर निळा रंग जास्त पसरलेला असतो. नराच्या तिथे मोजके ठिपके. फायरमाऊथमध्ये नराच्या परांची टोकं दोऱ्यासारखी लांबतात, पण लहानपणी काहीच सांगता येत नाही. मायडास आणि रेड डेव्हिलमध्ये कपाळाचा गोळा बघून नर ठरवतात, पण गोळा मादीलाही येऊ शकतो.

म्हणून खात्रीची पद्धत एकच. हात ओले करायचे, मासा जाळीत घ्यायचा आणि काही सेकंदांसाठी उलटा करून पोटाखाली बघायचं. शेपटीकडच्या पराच्या अलीकडे दोन छिद्रं दिसतात. डोक्याच्या बाजूचं शौचाचं, त्याच्या मागचं प्रजननाचं. नराचं मागचं छिद्र बारीक असतं. मादीचं मोठं, रुंद आणि गोलसर. अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी तर मासा धरायचीही गरज नाही, तिथून एक नळी बाहेर डोकावते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. मासा किमान दीड-दोन इंचांचा झाल्याशिवाय हे बघण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा बघाल तेव्हा काहीच कळणार नाही, दोन-तीन मासे शेजारी ठेवून तुलना केली की कळतं.

आमच्याकडे दोन मासे शेजारी धरले आणि दोघींचं अगदी सारखं दिसलं. नर मिळाला नाही तर दोन कन्व्हिक्ट माद्या एकमेकींसोबत घर मांडतात आणि अंडीही घालतात. अंडी नेहमीपेक्षा जास्त दिसत असतील आणि झाडून सगळी पांढरी पडत असतील, तर पहिला संशय यावरच घ्यायचा.

एक नर आणि एक मादी म्हणजे जोडी नव्हे

हा मुद्दा सगळ्यात जास्त मासे मारतो. माणूस दुकानात जातो, एक नर एक मादी निवडतो, टाकीत सोडतो आणि सकाळी मादी फाटक्या परांनी पाण्याच्या टोकाशी तरंगताना सापडते. कारण हे मासे जोडीदार निवडतात. आपण निवडलेला त्यांना चालतोच असं नाही.

फ्रान्समधल्या बर्गंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर कन्व्हिक्ट माद्यांवरच एक प्रयोग केला होता, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी माद्यांना डब्यांचं झाकण उघडायला शिकवलं. एका रंगाच्या झाकणाखाली खाऊ, दुसऱ्या रंगाच्या झाकणाखाली काही नाही. मग मधल्या, संदिग्ध रंगाचा डबा ठेवला. आवडत्या नरासोबत असलेल्या माद्या तो डबा पटकन उघडायला जायच्या. तो नर काढून नको असलेला नर दिला की त्याच माद्या रेंगाळायच्या, जणू यात काही नसणारच. थोडक्यात, जोडीदार गेला की मासा निराशावादी होतो. आवडत्या नरासोबतच्या माद्यांचं प्रजननही जास्त यशस्वी झालं.

त्यामुळे जोडी विकत घेण्यापेक्षा जमू देणं बरं. वेगवेगळ्या टाक्यांमधली सहा लहान पिल्लं आणायची, एकत्र वाढवायची. कन्व्हिक्ट पाच-सहा महिन्यांत वयात येतात. मग एके दिवशी दिसतं की दोघांनी टाकीचा एक कोपरा धरलाय. शेजारी शेजारी उभं राहून शेपट्या हलवतात, एकमेकांचे ओठ धरून ओढाओढ करतात, दोघं मिळून वाळू उकरतात, एकच दगड दोघं चोचून साफ करतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोघं मिळून बाकीच्यांना हाकलतात. फक्त एकच मासा सगळ्यांना, दुसऱ्यालाही, हाकलत असेल तर ती जोडी नाही, दादागिरी आहे. जोडी ठरली की उरलेले चार त्याच दिवशी बाहेर काढायचे. दुसऱ्या दिवशी नाही.

इगतपुरीच्या हवेत हे सांभाळायचं कसं?

कन्व्हिक्टच्या एका जोडीला तीन फुटी टाकी लागते. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच म्हणजे साधारण १०५ लिटर. जॅक डेम्प्सीला चार फुटी, आणि रेड डेव्हिल-जॅग्वारला सहा फुटीच्या खाली विचार करू नका.

आत आडवी ठेवलेली मातीची कुंडी, तिच्या बुडाचं भोक असलं तरी चालतं. धुतलेली वाळू. आणि आपल्या इथला काळा दगड. दगड आधी काचेवर टेकवायचे आणि मग वाळू भरायची, उलटं केलं तर हे मासे दगडाखालची वाळू उपसून काढतात आणि दगड काचेवर आदळतो. झाडं लावायच्या भानगडीत पडू नका. उपटून टाकतात.

आता पाण्याचं. मध्य अमेरिकेतल्या या माशांना थोडं जड, अल्कली बाजूचं पाणी मानवतं. पीएच ७ ते ८ चालतो. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, खाली बेसॉल्टचा कातळ. पावसाचं पाणी क्षार न घेता वाहून येतं, त्यामुळे ते मऊ असतं. मऊ पाण्याची अडचण अशी की त्यात पीएच धरून ठेवणारे कार्बोनेट कमी असतात. माशांच्या विष्ठेतून होणारं आम्ल जमत जातं आणि एखाद्या दिवशी पीएच धाडकन खाली येतो. उपाय महाग नाही. मूठभर कोरल चिप्स जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायच्या. त्या हळूहळू विरघळतात आणि पाणी सावरतात. बोअरवेलचं पाणी असेल तर कदाचित याची गरजच नाही, पट्टीने मोजून बघा.

पावसाळ्यात अजून एक गोष्ट होते. गढूळ पाणी आलं की टाकीत टीसीएल पावडरचा हात सैल सुटतो. माणसांसाठी ते बरोबरच आहे, पण त्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतो. नळाचं पाणी बादलीत एअर पंप लावून २४ तास ठेवायचं किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाकायचे. पाणी आठवड्याला पाव टाकी बदलायचं, सगळं कधीच नाही.

तापमान २५ ते २७ अंश. मुंबईत बरेच जण बिनाहीटरचे कन्व्हिक्ट ठेवतात. कसारा घाट चढून वर आलं की ते चालत नाही. इथे जानेवारीच्या पहाटेच काय, ऑगस्टमध्येही दिवसेंदिवस ऊन नसतं. १०० लिटरला १०० वॉटचा हीटर पुरतो. पाणी बदलताना त्याचं बटण आधी बंद करा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की नळी तडकते, हे मी ऐकून नाही, स्वतः करून सांगतेय.

आणि लाईट जाते. वादळी पावसात तासन्‌तास जाते. त्यासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि स्पंज फिल्टर ही जोडगोळी घरात हवीच. टाकीला गोधडी गुंडाळली की पाणी बराच वेळ कोमट राहतं, आणि तेवढ्या वेळात खायला काही टाकायचं नाही.

नवी टाकी लावून दुसऱ्याच दिवशी मासे सोडणं हा अजून एक ठरलेला अपघात. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कुणाची जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज आणा, काम खूप लवकर होतं.

अंड्यांपासून पिल्लांपर्यंत

दादाने नंतर सहा पिल्लं आणली, यावेळी पट्टेवाली. डिसेंबरात जोडी जमली. कुंडीच्या आत छताला अंडी चिकटवलेली दिसली. तरुण मादी शंभरच्या आतबाहेर घालते, मोठी झाली की दोनशे-तीनशे. मादी अंड्यांवर वारा घालत आतच राहते, बुरशी धरलेलं अंडं वेचून खाते. नर बाहेर गस्त घालतो. २७ अंशाला तिसऱ्या दिवशी अंडी फुटतात. पण तेव्हा पिल्लांना पोहता येत नाही, नुसता शेपट्या हलवणारा गोळा असतो. आई-बाप तोंडात घेऊन तो गोळा वाळूतल्या एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात हलवत राहतात. सकाळी कुंडी रिकामी दिसली म्हणून दादाने मला ‘खाल्ली वाटतं’ असा मेसेज केला होता. संध्याकाळी पिल्लं दगडामागे सापडली.

अंडी घातल्यापासून साधारण आठवड्यात पिल्लं पोहायला लागतात. तेव्हा खाऊ लागतो. ताजा आर्टेमिया उत्तम, नाहीतर फ्लेक्सची बोटांनी केलेली पूड. आई पर झाडून वाळूतला गाळ उडवते आणि पिल्लं त्यातलं टिपतात. संध्याकाळी बापलेक-मायलेक सगळे एका खड्ड्यात. दुसऱ्याच्या पिल्लांनाही हे आपल्यात घेतात, विशेषतः ती आपल्या पिल्लांपेक्षा छोटी असतील तर. शिकारी आला तर आपलं सापडण्याची शक्यता कमी होते, असा त्यामागचा व्यवहार सांगितला जातो.

पहिली एक-दोन वेळची अंडी आई-बापच खातात, हे गृहीत धरा. सतत टाकीपाशी जाणं, टॉर्च मारणं, वाळू ओढणं बंद केलं की पुढच्या वेळी जमतं.

आणि भांडण. जमलेली जोडीही फिरते, बहुतेक वेळा पिल्लं मोठी होऊन मादी अजून तयार नसताना नर मागे लागतो तेव्हा. मादी सतत वरच्या कोपऱ्यात दिसू लागली, तिचे पर फाटले, ती खायला येईना, तर वाट बघू नका. टाकीच्या मध्ये जाळी लावा. एक साधी युक्ती म्हणजे पीव्हीसी पाईपचा असा तुकडा ठेवायचा, ज्यात मादी मावेल पण नर मावणार नाही.

मग या दोनशे पिल्लांचं करायचं काय?

खरी गोष्ट इथे सुरू होते, आणि हे आधी कुणी सांगत नाही. कन्व्हिक्ट दीड-दोन महिन्यांत परत अंडी घालतात. दुकानदार पहिल्या वेळी पिल्लं घेतो, दुसऱ्या वेळी कपाळाला आठ्या, तिसऱ्या वेळी फोन उचलत नाही. दादा एका रविवारी सहज म्हणाला, ‘भावलीत सोडून येऊ. एवढं मोठं धरण आहे, जगतील बिचारी.’

जगतील, अडचण तीच आहे. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात कोमट पाण्याचे झरे आहेत. तिथे कुणीतरी सोडलेले कन्व्हिक्ट स्थिरावले आणि त्या झऱ्यांशिवाय कुठेच न सापडणाऱ्या छोट्या माशांना जड गेले. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात एका वीजकेंद्राच्या कोमट तलावात यांनी वस्ती केली. चिलापी तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. पिल्लं राखणारा, काहीही खाणारा आणि वर्षातून अनेकदा वीण घालणारा मासा नव्या पाण्यात गेला की स्थानिक माशांच्या अंड्यांवर आणि जागेवर हक्क सांगतो.

आणि आपल्या पाण्यात गमावण्यासारखं काय आहे? दारणा नदी इगतपुरी तालुक्यात उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. या दारणेत देवळालीजवळ सापडलेल्या एका छोट्याशा माशाचं वर्णन सुंदरलाल होरा आणि मिश्रा या अभ्यासकांनी १९३८ मध्ये केलं. पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी हे त्याचं नाव. डोंगरी ओढ्यांच्या खळाळत्या पाण्यात दगडांना धरून राहणाऱ्या गटातला हा मासा. आज तो जागतिक लाल यादीत सगळ्यात वरच्या धोक्याच्या गटात आहे. इगतपुरीत राहून मलाही हे माहीत नव्हतं, दादाशी वाद घालायला पुरावा शोधताना सापडलं.

दादाला हे वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘मग काय मारू का?’

मारायची वेळच येऊ द्यायची नाही, असं जमतं. अंडी घातल्या दिवशीच कुंडी बाहेर काढून अंडी खरवडून टाकायची. किंवा टाकीत कुंडी, सपाट दगड ठेवायचेच नाहीत, तरी काचेवर घालतात ही गोष्ट वेगळी. पिल्लं आई-बापांजवळच ठेवून वेगळा खाऊ टाकला नाही तर मोजकीच वाचतात. किंवा नर आणि मादी वेगळ्या टाकीत. आणि ज्यांना पिल्लं द्यायची त्यांनाही नदी-विहिरीत सोडायचं नाही, हे सांगूनच द्यायची. विहिरीत मासे सोडले तर डास कमी होतात म्हणून कन्व्हिक्ट मागणारेही भेटतात. नाही म्हणायचं.

पहिल्या विणीतली चाळीसेक पिल्लं दादाने नाशिकच्या ओळखीतल्या पाच-सहा जणांना दिली. दुसऱ्या वेळी अंडी खरवडली. सध्या टाकीच्या मध्ये जाळी आहे, एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी. फ्रान्सचा तो प्रयोग मी त्याला उगाच सांगितला, असं आता वाटतं. मादी जाळीपाशी उभी दिसली की तो मला फोटो पाठवतो आणि विचारतो, ही उदास आहे का गं?